सर्व्हर लॉक झालाय. आता कोणाला, काय आणि किती वाजेपर्यंत कळवायचं?

सकाळी सव्वाआठला लेखा विभागातून फोन येतो: "साहेब, फाइल उघडत नाहीये, नाव काहीतरी वेगळंच दिसतंय." साडेआठला दुसऱ्या टेबलावरून तेच. पावणेनऊला सर्व्हरच्या स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. पुढे काय होतं ते मी दोन-तीन ठिकाणी जवळून पाहिलंय. कोणीतरी सर्व्हर बंद-चालू करतं, कोणीतरी अँटिव्हायरस फिरवतं, दुपारी व्हेंडरचा मुलगा येऊन फॉरमॅट मारतो, परवाचा बॅकअप चढवतो आणि संध्याकाळी सगळे हुश्श करतात. तिसऱ्या दिवशी कोणालातरी आठवतं की हे सरकारला कळवायचं असतं. तोवर कळवण्यासारखं काही शिल्लक राहिलेलं नसतं. कुठून आला, कधी आला, काय घेऊन गेला, सगळं फॉरमॅटमध्ये पुसलं गेलेलं.

नागरी बँक, रुग्णालय, नगरपरिषद, कारखाना, महाविद्यालय अशा ठिकाणी संगणक विभाग सांभाळणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या वरिष्ठांसाठी हे लिहितोय. देशाची सायबर सुरक्षा म्हटलं की विषय फार वरचा वाटतो. प्रत्यक्षात ती साखळी तुमच्या सर्व्हर रूमपासून सुरू होते, आणि पहिली कडी बहुतेक वेळा तिथेच तुटते.

खिडक्या किती आणि कुठली कशासाठी

अशी एक समजूत आहे की काही मोठं झालं की दिल्लीहून पथक येईल आणि सूत्रं हातात घेईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला तेव्हा सर्ट-इन (सायबर हल्ल्यांना प्रतिसाद देणारी केंद्राची संस्था), एनआयसी (सरकारचं संगणक केंद्र), दिल्ली पोलीस, एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) असे सगळे तिथे पोहोचले होते. पाच सर्व्हर बाधित झाले होते, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला होता आणि रुग्णालय कितीतरी दिवस कागदावर चाललं. पण ते एम्स होतं. साधारण संस्थेकडे पथक येत नाही. तिच्या वाट्याला येतात ते चार-पाच ठिकाणचे मेल आणि फोन, आणि प्रत्येकाचा प्रश्न वेगळा.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कामाची वाटणी नियमांतच स्पष्ट केली. एकूण समन्वय आणि धोरणाची दिशा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे. राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक तिथेच बसतात. सायबर गुन्हे गृह मंत्रालयाकडे. दूरसंचार जाळ्याची सुरक्षा दूरसंचार विभागाकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालची सायबर सुरक्षा इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे, म्हणजे व्यवहारात सर्ट-इनकडे. समन्वयकांच्या कार्यालयाशी तुमचा थेट संबंध बहुधा कधीच येणार नाही. येईल तो खालच्यांशी.

सर्ट-इन जानेवारी २००४ पासून काम करते. कायद्याच्या कलम ७०-बी नुसार घटना-प्रतिसादाची राष्ट्रीय संस्था तीच. तिला जाणून घ्यायचं असतं की हल्ला कोणत्या वाटेने झाला आणि त्याच वाटेने आणखी कोणावर होऊ शकतो. चोर पकडणं तिचं काम नाही. पोलिसांना गुन्हेगार हवा असतो आणि न्यायालयात टिकेल असा पुरावा. रिझर्व्ह बँक किंवा सेबीसारख्या नियामकाला काळजी असते ठेवीदाराची, गुंतवणूकदाराची आणि उद्या सकाळी व्यवहार सुरू होतील का याची. आणि तुमची एखादी यंत्रणा सरकारने कलम ७० खाली 'संरक्षित प्रणाली' म्हणून अधिसूचित केली असेल, तर एनसीआयआयपीसी ही चौथी खिडकी. ही संस्था एनटीआरओ या केंद्राच्या तांत्रिक गुप्तवार्ता संस्थेच्या अखत्यारीत येते आणि वीज, बँकिंग, दूरसंचार, वाहतूक अशा महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांकडे पाहते.

म्हणजे घटना एक, प्रश्न चार. चौघांना दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत. सर्ट-इनला सव्वाआठ सांगितलं, पोलिसांच्या फिर्यादीत दहा लिहिलं आणि नियामकाला 'काल रात्री' कळवलं, तर पुढचे सहा महिने तुम्ही तेवढंच निस्तरत बसता. ही जुळवाजुळव कोणीही सरकारी अधिकारी तुमच्यासाठी करत नाही. ती तुमच्या संस्थेत एका माणसाने, एका वहीवरून करायची असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या वहीभोवती आहेत.

आधीच करून ठेवायचं

सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश एकदा बसून वाचा. लांबलचक नाहीत. त्यातल्या चार गोष्टी जवळपास प्रत्येक संस्थेला लागू होतात: घटना सहा तासांत कळवणं, यंत्रणांचे लॉग (यंत्रांनी आपोआप लिहिलेल्या नोंदी) फिरते, म्हणजे सतत मागचे, १८० दिवस जपणं, घड्याळं जुळवणं आणि संपर्क अधिकारी नेमून त्याची माहिती सर्ट-इनला देणं. न पाळल्यास कलम ७०-बी मध्येच कैदेची आणि दंडाची तरतूद आहे.

संपर्क अधिकारी म्हणजे नुसतं नाव नव्हे. हा माणूस रात्री दोनला फोन उचलेल का? तो रजेवर असेल तर दुसरा कोण? नोकरी सोडली तर नवं नाव सर्ट-इनला कोण कळवणार? नेमणुकीचं पत्र काढा आणि त्यात त्याचे दोन अधिकार स्पष्ट लिहा: कोणालाही न विचारता नेटवर्कची केबल काढण्याचा, आणि संचालक मंडळाच्या मंजुरीची वाट न पाहता पहिला अहवाल पाठवण्याचा. हे दोन अधिकार कागदावर नसले की काय होतं? माणूस अध्यक्षांना फोन लावत बसतो, अध्यक्ष लग्नात असतात, आणि दोन तास जातात.

घड्याळांचं प्रकरण मला सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे, कारण त्यात मी स्वतः फसलोय. एका संस्थेत आम्ही फायरवॉल (नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी वाहतूक तपासणारं यंत्र) आणि सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवून क्रम लावत होतो. फायरवॉल म्हणत होती परका माणूस रात्री ८:४० ला आत शिरला. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या वेळी काहीच नव्हतं. आम्ही अर्धा दिवस घालवला. रात्रपाळीच्या एका मुलावर संशयही घेतला. शेवटी कळलं की फायरवॉलची वेळ यूटीसीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर होती. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे शिरकाव पहाटे २:१० चा. त्या मुलाची माफी मागितली. निर्देशांनुसार तुमची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (घड्याळं जुळवून देणाऱ्या) सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत. एक मधला सर्व्हर त्यांच्याशी जोडा आणि बाकी सगळी यंत्रं त्याला: सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन, दरवाज्याचं कार्ड रीडर, सगळं. आणि प्रत्येक यंत्र वेळ कोणत्या प्रमाणवेळेत लिहितं ते एका तक्त्यात टिपून ठेवा.

लॉगचं तसंच. "आमच्याकडे फायरवॉल आहे, लॉग असणारच," असं सांगणाऱ्याला मी लगेच सगळ्यात जुना लॉग उघडून दाखवायला सांगतो. छोट्या फायरवॉलच्या पोटात जागा कमी. बरेचदा आठवडा-दहा दिवसांपूर्वीचं काही सापडतच नाही. हल्लेखोर मात्र अनेकदा आधीपासून आत असतो; खंडणीची चिठ्ठी हा त्याचा शेवटचा अंक. म्हणून लॉग वेगळ्या यंत्रावर पाठवायचे, आणि त्या यंत्राला नेहमीच्या ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा नाही. नाहीतर ज्याला ॲडमिनचा पासवर्ड मिळाला, तो जाताना लॉगही पुसून जातो. फायरवॉल, व्हीपीएन, मेल, वेब, डेटाबेस, लॉगिनच्या नोंदी आणि बँक असेल तर एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार पुढे पाठवणारी यंत्रणा), एवढ्यापासून सुरुवात करा.

मग एक छापील कागद. हो, छापील. त्यावर सर्ट-इनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९, घटना कळवण्याचा ई-मेल, नियामकाचा पत्ता, जवळच्या सायबर पोलीस ठाण्याचा फोन, इंटरनेट पुरवठादार, व्हेंडर, बँकेचा आपत्कालीन क्रमांक आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. सर्व्हर बसला की मेलमधला, शेअर्ड ड्राइव्हमधला कागद उघडत नाही, हे सगळ्यांना नंतर सुचतं.

सहा तास कधीपासून मोजायचे

घटना तुमच्या लक्षात आली किंवा दुसऱ्या कोणी लक्षात आणून दिली, त्या क्षणापासून. तपास पूर्ण झाल्यापासून नाही, व्हेंडरने 'हो, रॅन्समवेअरच आहे' (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) म्हटल्यापासून नाही. वरच्या उदाहरणात मी सव्वाआठच धरीन, पावणेनऊ नाही. म्हणजे मुदत सव्वादोनला संपते. शंका असेल तेव्हा आधीची वेळ धरावी. त्यात नुकसान काहीच नाही.

काय कळवायचं? निर्देशांच्या जोडपत्रात वीस प्रकार दिलेत: महत्त्वाच्या यंत्रणांची टेहळणी, अनधिकृत प्रवेश, संकेतस्थळाची विद्रूपता, रॅन्समवेअर, सेवा ठप्प पाडणारे हल्ले, माहितीची चोरी आणि गळती, ओळख चोरणं आणि फिशिंग (फसव्या मेलने पासवर्ड काढून घेणं), बनावट मोबाइल ॲप वगैरे. यादी वाचून एकाने मला विचारलं होतं, "रोज दहा फिशिंग मेल येतात, दहा अहवाल पाठवू का?" मे २०२२ मध्ये सर्ट-इनने प्रश्नोत्तरांतून याचा खुलासा केलाय. सहा तासांचा रोख गंभीर घटनांवर आहे: सेवा ठप्प होणं, घुसखोरी, रॅन्समवेअरचा फैलाव, माहितीची गळती, माणसांच्या जिवाला धोका. मेल आला आणि कोणी क्लिक केलं नाही, तर तो पकडून बाजूला ठेवा. क्लिक करून पासवर्ड दिला आणि त्या पासवर्डने कोणी आत येऊन गेलं, तर घड्याळ सुरू झालं.

त्याच खुलाशात आणखी एक दिलासा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो: सहा तासांत हाताशी असेल तेवढीच माहिती पाठवायची, उरलेली नंतर वाजवी वेळेत. अपुरा अहवाल चालतो. उशिरा पाठवलेला परिपूर्ण अहवाल चालत नाही.

पहिला तास

केबल काढा, वीज नाही. बाधित यंत्र नेटवर्कपासून तोडायचं, पण चालू ठेवायचं, कारण मेमरीत जे असतं ते वीज गेली की जातं: चालू असलेले प्रोग्राम, जोडलेले पत्ते, कधी कधी कुलुपाची किल्लीसुद्धा. याला अपवाद एकच. डोळ्यांसमोर फाइलमागून फाइल कुलूपबंद होताना दिसतेय आणि थांबवण्याचा दुसरा मार्ग नाही, तर बंद करा. पण का केलं ते वेळेसह लिहा.

वही उघडा. शंभर पानी, शिवलेली. सुट्या कागदांवर नको. डावीकडे वेळ, मग कोणी काय पाहिलं, काय केलं. "९:०५, सर्व्हरची निळी केबल स्विचच्या सात नंबरच्या पोर्टमधून काढली." स्क्रीनचा फोटो मोबाइलने काढा, स्क्रीनशॉट त्याच यंत्रावर साठवू नका. खंडणीची चिठ्ठी, फाइलला लागलेलं नवं शेपूट, अनोळखी लॉगिन, सगळं फोटोत.

बॅकअपचं यंत्र लगेच तोडा. घाईत सगळे सर्व्हरकडे धावतात आणि कोपऱ्यातला बॅकअपचा डबा तसाच जोडलेला राहतो.

आपसातलं बोलणं संस्थेच्या मेलवर करू नका. आत शिरलेला माणूस ते वाचत असेल असं धरूनच चाला. फोन करा, किंवा मोबाइलवर चार जणांचाच वेगळा ग्रुप. हे चार जण आधीच ठरलेले असावेत. ऐनवेळी तयार केलेला ग्रुप तासाभरात चाळीस जणांचा होतो आणि दुपारी त्यातला फोटो गावभर फिरतो.

अहवाल कसा लिहायचा

सर्ट-इनच्या संकेतस्थळावर फॉर्म आहे. तो भरा, पण फॉर्मचा एखादा रकाना अडला म्हणून थांबू नका. ई-मेल, फोन, फॅक्स हे तिन्ही मार्ग चालतात. फोनवर सांगितलंत तरी मागोमाग मेल पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. मेल अर्थातच संस्थेच्या बाधित मेल सर्व्हरवरून नको. संपर्क अधिकाऱ्याचा पर्यायी पत्ता आधीच कळवून ठेवलेला बरा.

पहिल्या अहवालाचा मजकूर साधारण असा पुरतो:

"आज सकाळी ०८:१५ वाजता (भारतीय प्रमाणवेळ) लेखा विभागातील संगणकावर फाइल उघडत नसल्याचे कळले. ०८:४५ ला फाइल सर्व्हरवर खंडणीची चिठ्ठी आढळली. ०९:०५ ला सर्व्हर नेटवर्कपासून तोडला; तो चालू ठेवला आहे. बाधित: एक फाइल सर्व्हर, किमान चार संगणक. मुख्य डेटाबेस सर्व्हरची तपासणी सुरू आहे. तो बाधित असल्याचे अद्याप आढळलेले नाही. माहिती बाहेर गेली का, हे अद्याप स्पष्ट नाही. चिठ्ठीचा फोटो, बाधित यंत्रांचे आयपी पत्ते आणि फायरवॉलवर दिसलेले दोन अनोळखी बाह्य पत्ते सोबत जोडले आहेत. पुढील माहिती आज सायंकाळी ६ पर्यंत पाठवू."

दहा ओळीही नाहीत. यात 'बहुधा', 'आम्हाला वाटते' कुठेही नाही. माहीत असलेलं आणि नसलेलं वेगळं लिहिलंय. 'डेटाबेस सुरक्षित आहे' असं लिहिण्याचा मोह फार होतो, विशेषतः वरिष्ठ खुर्चीमागे उभे असताना. 'आढळलेले नाही' आणि 'सुरक्षित आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तिसऱ्या दिवशी डेटाबेसही गेलेला निघाला तर तो फरक तुम्हाला वाचवतो. सायंकाळी सहाचा वायदा केला असेल तर सहाला मेल जायलाच हवा, मग त्यात 'नवीन काही नाही' एवढंच का असेना.

बाकीच्या खिडक्या

पैसे गेले असतील तर आधी १९३०, मग बाकी सगळं. या क्रमांकामागे गृह मंत्रालयाच्या आय४सी या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची यंत्रणा आहे. बँका आणि पेमेंट कंपन्या तिला जोडलेल्या असल्याने पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतो. इथे तास नाही, मिनिटं मोजायची. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा.

बँक असाल तर रिझर्व्ह बँकेने जून २०१६ च्या परिपत्रकातच असामान्य सायबर घटना दोन ते सहा तासांत कळवायला सांगितलंय. नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये वेगळी चौकट आली. ती कशानंतर आली हे पुण्यात कोणाला सांगायला नको. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी कॉसमॉस बँकेचे पैसे काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून निघाले, आणि सोमवारी १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश जाळ्यामार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. मला त्यातला शनिवार आणि सोमवार महत्त्वाचा वाटतो. पहिला घाव दिसला म्हणजे हल्ला संपला असं धरू नये, आणि सुट्टीच्या दिवशी कोण हजर असेल याचं उत्तर कागदावर असावं.

दूरसंचार कंपन्यांना २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांखाली सहा तासांत प्राथमिक आणि चोवीस तासांत सविस्तर माहिती द्यावी लागते. शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना सेबीची, विमा कंपन्यांना त्यांच्या नियामकाची चौकट. ज्याने त्याने आपली शोधून वरच्या छापील कागदावर उतरवायची.

लोकांची वैयक्तिक माहिती गेली असेल तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. गळती कळवण्याची तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात येते. ती आली की ज्यांची माहिती गेली त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. न कळवल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. तयारी आत्तापासून करावी, कारण 'कोणाची माहिती कोणत्या सर्व्हरवर आहे' हा तक्ता एका रात्रीत तयार होत नाही.

पोलीस ठाण्यात जाताना एक लक्षात ठेवा: माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो. ठाणे अंमलदार तुमचं ऐकून घेतो, पण त्याला 'डोमेन कंट्रोलर' समजावत बसू नका. वहीच्या पानांच्या प्रती, फोटो आणि एक पानी हकीकत घेऊन जा. सर्ट-इनला कळवलं म्हणजे फिर्याद दिली असं होत नाही. आणि फिर्याद दिली म्हणजे सर्ट-इनला कळलं, असंही नाही. हा गैरसमज मी मोठमोठ्या कंपन्यांत पाहिलाय.

पुरावा

पोलिसांना मूळ हार्डडिस्क लागते, तुम्हाला उद्या सकाळी काम सुरू करायचं असतं. यावर उपाय एकच: डिस्कची हुबेहूब प्रतिमा घ्यायची, तिचा हॅश काढायचा आणि काम सुरू करण्यासाठी नवी डिस्क टाकायची. जुनी पाकिटात, पाकिटावर सही, तारीख. हॅश म्हणजे त्या डेटाचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हा हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आधीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बी च्या जुन्या नमुन्याची झेरॉक्स अजून अनेक ठिकाणी फिरते, ती टाकून द्या.

पाकीट कोणाकडून कोणाकडे गेलं याची नोंद त्याच वहीत. "दु. ३:२०, सीलबंद पाकीट क्र. २ तपास अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले, पोच घेतली."

अहवाल पाठवल्यानंतर

आधी एक संदर्भ क्रमांक येतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नियामक, पोलीस, विमा कंपनी सगळे तो विचारतात. मग प्रश्न येतात: अमुक काळातले लॉग पाठवा, अमुक फाइलचा नमुना पाठवा. नंतर कधी कधी यादी येते, संशयास्पद आयपी पत्त्यांची, फाइलच्या हॅशची. या गोष्टी तुमच्या यंत्रणेत आहेत का ते शोधून कळवायचं असतं. हीच देवाणघेवाण म्हणजे ज्याला समन्वय म्हणतात तो. तुमच्या फायरवॉलवर दिसलेला पत्ता उद्या दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयाला इशारा म्हणून जातो.

अशा कागदांवर बहुधा रंगाची खूण असते. लाल म्हणजे ज्याला पाठवलं त्याच्यापुरतंच. अंबर म्हणजे संस्थेत आणि गरजेपुरतं ग्राहकांत. त्यापुढे 'स्ट्रिक्ट' असेल तर संस्थेबाहेर नाहीच. हिरवा म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या लोकांत, पण जाहीर नाही. क्लिअर म्हणजे खुलं. अंबरचा कागद आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की दोन गोष्टी होतात: हल्लेखोराला कळतं आपण सापडलोय, आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला काही सांगत नाही.

सर्ट-इन तुमचा सर्व्हर पुन्हा उभा करून देत नाही, खंडणीखोराशी बोलणीही करत नाही. खंडणी देऊ नका हाच सल्ला मिळेल. उभारणीसाठी सर्ट-इनच्या यादीवरचा मान्यताप्राप्त ऑडिटर गाठा, आणि तोही घटनेनंतर शोधण्यापेक्षा आधी करार केलेला असावा.

पुन्हा जोडणी हा वेगळाच घाट आहे. जुलै २०२४ च्या शेवटी सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातली पेमेंट जाळी चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला किरकोळ पेमेंट यंत्रणेतून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांचे ग्राहक अडकले. त्या बँकांची स्वतःची काहीच चूक नव्हती. तोडणाऱ्याला 'आता साफ आहे' हे ऑडिटने पटवल्याशिवाय कोणी परत जोडत नाही. म्हणून व्हेंडरशी करार करताना एक कलम घाला: त्याच्याकडे घटना घडली तर त्याने तुम्हाला किती तासांत कळवायचं. मी दोन तास घालतो. सहा तासांतले चार मला लागतात.

बाहेरून कळतं तेव्हा

बरेचदा घटना तुमच्या आधी दुसऱ्यालाच दिसते. २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या बाबतीत ४ सप्टेंबरला सर्ट-इनने तो चालवणाऱ्या एनपीसीआयएल कंपनीला कळवलं होतं. प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवरच्या एका संगणकात मालवेअर (घातक प्रोग्राम) होतं; अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या जाळ्यावर होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी फुटली तेव्हा प्रकल्पाकडून आधी इन्कार आला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने मान्य केलं. 'नियंत्रण यंत्रणा वेगळी आहे' ही खरी आणि महत्त्वाची गोष्ट होती; आदल्या दिवशीच्या इन्कारामुळे ती कोणी ऐकून घेतली नाही.

असा मेल तुमच्याकडे आला तर तो कुठे पडेल? संकेतस्थळावर दिलेला पत्ता कोण उघडतं? एका संस्थेत असा इशारा 'चौकशी' खात्यात, प्रवेशाच्या आणि निविदांच्या मेलमध्ये न वाचता पडून होता. शिवाय सर्ट-इनच्या नावाने फसवे मेलही येतात. जोडलेली फाइल उघडू नका, मेलमधल्या क्रमांकावर फोन करू नका. छापील कागदावरच्या क्रमांकावर फोन करून खात्री करा.

आणि 'हल्ला कोणी केला' यावर पहिल्या आठवड्यात एक शब्दही बोलू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, त्यामागे सायबर घातपात होता का, यावर मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री एक सांगत होते आणि केंद्रीय ऊर्जामंत्री दुसरंच. तो वाद सरकारांना परवडतो. तुमच्या निवेदनात तीनच गोष्टी असाव्यात: काय बंद आहे, लोकांनी तोवर काय करायचं, आणि पुढची माहिती कधी.

तालीम

वर्षातून दोनदा, दोन तास. एकाने प्रसंग वाचायचा, दर दहा मिनिटांनी नवी चिठ्ठी काढायची: 'पत्रकाराचा फोन आलाय', 'बॅकअपही उघडत नाही', 'रिझर्व्ह बँकेतून विचारणा आली'. बाकीच्यांनी खरोखर फोन उचलायचे, खरोखर अहवाल लिहायचा, फक्त पाठवायचा नाही.

आम्ही पहिली तालीम मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला घेतली. सर्ट-इनकडे ज्यांचं नाव संपर्क अधिकारी म्हणून नोंदवलं होतं ते गृहस्थ वर्षभरापूर्वीच नोकरी सोडून गेले होते. केबल कोणती काढायची हे ज्याला माहीत होतं तो ५:०८ ची गाडी पकडून निघाला होता. आणि तो छापील कागद होता सर्व्हर रूममध्ये, भिंतीवर, छान लॅमिनेट करून. सर्व्हर रूमचं दार कार्डने उघडायचं, आणि कार्डची यंत्रणा त्याच सर्व्हरवर चालायची, जो तालमीत आम्ही बंद पडलाय असं धरलं होतं. आता त्या कागदाच्या दोन प्रती असतात: एक रिसेप्शनच्या खणात आणि एक सीईओंच्या गाडीत.